बांधाची मोजणी कोणी करायची? मृद-जलसंधारणाच्या कामांच्या तपासणीचा इतिहास



जलयुक्त शिवारचा दुसरा टप्पा बऱ्याच गावांत आला. आराखडे झाले, काही ठिकाणी कामं सुरू झाली, काही ठिकाणी फलक लागले. ग्रामसभेत पहिला प्रश्न येतो, "आपल्या गावाला किती कामं मंजूर?" मागच्या टप्प्यात झालेल्या कामांची आज काय स्थिती आहे, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. आणि विचारला तर उत्तर कोणाकडे असतं? ज्यांनी काम केलं त्यांच्याकडेच.

म्हणून आज पिकाची नोंद बाजूला ठेवून थोडा इतिहास लिहितोय. माती आणि पाणी अडवायची जबाबदारी ज्या सरकारी खात्यांवर आहे, त्यांनी स्वतःच्या कामाची तपासणी आजवर कशी केली आणि ती कुठे अडते, एवढाच विषय आहे. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

सुरुवात १९४२ च्या कायद्यापासून

आपल्याकडे कोरडवाहू शेतीचं संशोधन पुण्याजवळ मांजरीला १९२३ साली सुरू झालं. पुढे १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर इथं केंद्रं झाली. पडलेला पाऊस शेतात मुरवायचा तर उताराला आडवे बांध घालायचे, ही गोष्ट तिथं मोजून-मापून सिद्ध केली गेली. आपले आजे-पणजे ताली घालतच होते. सरकारी योजनेत ते काम मोठ्या प्रमाणावर आलं ते १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमामुळे.

हा कायदा इंग्रजांच्या काळातला, पण त्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. योजना आधी गावात जाहीर करायची, जमीनमालकांच्या हरकती ऐकायच्या, मग काम. आणि काम झाल्यावर कुठल्या बांधाची डागडुजी कोणी करायची याची लेखी नोंद ठेवायची. म्हणजे बिल निघालं की विषय संपला असं कायद्याला अभिप्रेत नव्हतं. कामाला पुढचं आयुष्य आहे आणि त्याला कोणीतरी धनी पाहिजे, हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? खात्याची प्रगती मोजायचं माप ठरलं ते हेक्टर. या वर्षी इतक्या हेक्टरवर बांधबंदिस्ती, पुढच्या वर्षी तितक्या. बांध तीन वर्षांनी उभा आहे का, हे त्या मापात बसतच नव्हतं.

काळ्या मातीने केलेली तपासणी

त्याचा फटका भारी काळ्या जमिनीत बसला. समतल बांध हलक्या आणि मध्यम जमिनीत चांगला चालतो. पण खोल काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो. बांधाच्या पोटाला पाणी तुंबतं, तिथलं पीक पिवळं पडतं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, बांधालाही भेगा जातात. पुढच्या हंगामात पहिला जोराचा पाऊस आला की पाणी भेगेतून वाट काढतं आणि बांध फुटतो. एक फुटला की खालचे ओळीने फुटतात.

मग शेतकऱ्याने काय केलं? स्वतःच बांध फोडून पाण्याला वाट दिली, नाहीतर नांगरून टाकला. अहवालात "शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही" असं लिहिलं गेलं असेल, पण त्या शेतकऱ्याने खरं तर कामाची तपासणीच केली होती. नंतर संशोधन केंद्रांनीही तेच सांगितलं, की भारी काळ्या जमिनीत समतल बांध नको, ढाळीचे बांध घ्या आणि जादा पाणी गवताच्या चरातून बाहेर काढा.

यात धडा असा की काम वाईट हेतूने केलेलं नव्हतं. चोरी नव्हती, मोजमाप बरोबर होतं, बिलही बरोबर होतं. तरी काम चुकलं. हिशेब तपासणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. ते दिसायला दोन-तीन पावसाळ्यांनी शेतात जावं लागतं. तपासणी दोन प्रकारची असते, एक पैशाची आणि एक परिणामाची. आपल्याकडे पहिली निदान कागदावर होते. दुसरीला कायमचा माणूसच नेमलेला नाही.

७२ चा दुष्काळ आणि चौकडीतली माती

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ च्या सुमारास त्यांच्या तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते, सगळं माणसांच्या हातांनी झालं. आमच्या वयाच्या लोकांच्या आई-वडिलांनी चौकड्या खणल्या आहेत.

त्या चौकडीत एक साधी पद्धत होती. खणताना मधे मातीचा एक उंचवटा तसाच ठेवायचा. मूळ जमीन किती उंच होती त्याची ती साक्ष. मोजणीला कोणीही येऊ दे, मुकादम, ओव्हरसियर किंवा स्वतः मजूर, टेप लावला की खोली किती ते कळायचं. खोट्या हजेरीपटाचे प्रकार त्या काळीही झाले, ते नाकारत नाही. पण निदान जमिनीवर साक्षीची माती उभी असायची आणि ती वाचायला शिक्षण लागत नव्हतं.

आता नाला खोलीकरणाचं काम पोकलेन आणि जेसीबीने होतं. काम भराभर होतं, फायदा आहेच. पण मशीन साक्ष ठेवत नाही. आधी नाला किती खोल, किती रुंद होता, हे काम सुरू व्हायच्या आधी नोंदवलं नसेल तर नंतर ते कोणालाच सांगता येत नाही. वरून पहिल्या पुरात गाळ येऊन बसतो. मग तीन मीटर खणलं होतं की दीड मीटर, हा वाद मोजमाप पुस्तिका दाखवूनच मिटतो. आणि ती पुस्तिका काम करणाऱ्या यंत्रणेनेच भरलेली असते.

खातं मोठं झालं

८० च्या दशकात विचार बदलला. सुटे सुटे बांध घालून भागत नाही, पूर्ण पाणलोट धरून माथा ते पायथा काम करायला पाहिजे, हे मान्य झालं. १९८३ मध्ये राज्याने सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम हाती घेतला. सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२ मध्ये स्वतंत्र जलसंधारण विभाग झाला. त्याच वेळी आदर्श गाव योजना आली. पुढे विभागाचं नाव मृद व जलसंधारण झालं आणि २०१७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वाल्मीच्या आवारात त्याचं आयुक्तालय आलं.

एवढं होऊनही शेतातलं काम एका हाताखाली नव्हतं. कृषी विभाग, जिल्हा परिषदेचा लघु पाटबंधारे विभाग, वन विभाग, जलसंधारणाची स्वतःची यंत्रणा, भूजल सर्वेक्षण, असे सगळे एकाच शिवारात काम करणार. शेतकऱ्याला वाटतं सरकारने बंधारा बांधला. तो फुटल्यावर कळतं की हे सरकार पाच ठिकाणी वाटलेलं आहे आणि प्रत्येक ठिकाणी सांगतात, "हे आमचं काम नाही, त्या विभागाचं आहे."

आतली तपासणीची साखळी कशी असते ते कृषीच्या कामाचं उदाहरण घेऊन सांगतो. साधारणपणे कृषी सहायक मोजमाप घेतो, पर्यवेक्षक तपासतो, मंडळ कृषी अधिकारी पडताळतो, मग तालुका आणि उपविभाग. पायऱ्या भरपूर आहेत. पण प्रत्येक पायरीवरचा माणूस त्याच खात्याचा, त्याच लक्ष्यांकाखाली दबलेला आणि मार्चअखेर निधी खर्च करायच्या घाईत. खालच्याने लिहिलेलं चूक आहे असं वरच्याने म्हटलं तर लक्ष्य वरच्याचंही चुकतं. म्हणून सह्या होत राहतात.

२०१४: नियम चांगले होते

५ डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. "सर्वांसाठी पाणी, टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९" हे घोषवाक्य. दरवर्षी ५ हजार गावं घ्यायची. नियम वाचले तर माणूस खूश होतो. आधी शिवारफेरी, मग पाण्याचा ताळेबंद, मग गाव आराखडा, त्याला ग्रामसभेची मान्यता. कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो, जिओ टॅगिंग, त्रयस्थ संस्थेकडून मूल्यमापन. नाला खोलीकरणाला तीन मीटरची मर्यादा. जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली समिती, तालुक्यात प्रांताच्या.

पहिल्या टप्प्यात साडेबावीस हजारांच्या आसपास गावं घेतली, ६ लाखांच्या वर कामं झाली, आणि २० हजारांच्या वर गावं जलपरिपूर्ण झाली असं शासनाने सांगितलं. लोकवर्गणी झाली, श्रमदान झालं, बऱ्याच गावांत विहिरींना पाणी वाढलं. ज्याला फायदा झाला तो शेतकरी खोटं बोलत नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की हा माणूस योजनेच्या विरोधात आहे. तसं नाही. बंधारा पाहिजेच, आणि तो खरा पाहिजे.

मग तपासणी सुरू झाली, पण बाहेरून

क्रम बघा.

पहिला धक्का कोर्टातून आला. अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. कामं अशास्त्रीय पद्धतीने होत आहेत, माथा ते पायथा सोडून नुसती नाल्याची खोदाई चालली आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली.

दरम्यान बीड जिल्ह्यात परळी तालुक्यातल्या कामांबद्दल तक्रारी झाल्या. चौकशी लागली, कृषी खात्यातले कर्मचारी-अधिकारी निलंबित झाले, गुन्हेही दाखल झाले.

मग सप्टेंबर २०२० मध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. कॅगने ६ जिल्ह्यांतली १२० गावं आणि तिथली १,१२८ कामं तपासली. ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्चूनही गावं पाण्याने परिपूर्ण करणं आणि भूजल पातळी वाढवणं या दोन्हींवर अभियानाचा फार थोडा परिणाम झाला, असा निष्कर्ष दिला. त्रयस्थ मूल्यमापन आणि फोटो हे जे नियम वर सांगितले, ते नीट पाळले गेले नाहीत, यावरही बोट ठेवलं.

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने चौकशीचा निर्णय घेतला. डिसेंबरमध्ये निवृत्त अपर मुख्य सचिव विजयकुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बहुसंख्य कामांची लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडून खुली चौकशी आणि काहींची विभागीय चौकशी व्हावी, अशी त्या समितीची शिफारस होती.

आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये काय आलं? खुद्द जलसंधारण विभागाचं म्हणणं, की अभियानाने भूजल पातळी वाढली, पिकाखालचं क्षेत्र आणि उत्पादन वाढलं. वर्तमानपत्रांनी त्याला "क्लीन चिट" म्हटलं. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने दुसरा टप्पा मंजूर केला.

सरकारं बदलली तसे अहवालांचे अर्थ बदलले. एका सरकारने चौकशी लावली, दुसऱ्याने योजना पुन्हा आणली. पक्षाचं राजकारण बाजूला ठेवा. आपल्याला विचारायचा प्रश्न एवढाच आहे, की आपल्या गावच्या नाल्यावरचा बंधारा चांगला की वाईट, हे या सगळ्या अहवालांतून कुठे कळतं का? १,१२८ कामं तपासली, आणि कामं होती ६ लाखांच्या वर. म्हणजे दर हजार कामांमागे दोनसुद्धा नाहीत.

एकाच विहिरीवर दोन निकाल कसे?

कॅग म्हणतं भूजल वाढलं नाही, विभाग म्हणतो वाढलं. कृषी क्षेत्रातल्या जाणकार वाचकांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ती ताडून बघतात. पद्धत चांगली आहे. पण अशा विहिरी राज्यभरात काही हजारच. गावं चाळीस हजारांच्या वर. म्हणजे बहुतेक गावांत एकही निरीक्षण विहीर नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. २०१८ ला पाऊस कमी झाला, १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात ६ हजारांच्या वर टँकर चालले. त्या वर्षी पातळी खाली गेली म्हणून कामं वाईट, असं म्हणता येत नाही. तसंच २०१९ च्या परतीच्या पावसाने विहिरी काठोकाठ भरल्या, म्हणून कामं चांगली असंही म्हणता येत नाही. पाऊस वेगळा काढून कामाचा परिणाम बघायचा तर तीन गोष्टी लागतात. काम व्हायच्या आधीची पातळी, त्याच विहिरीची त्याच महिन्यातली नंतरची पातळी आणि पाऊस, आणि शेजारचं असं एक गाव जिथं काम झालं नाही पण जमीन आणि पाऊस सारखाच आहे.

तिसरी गोष्ट उपशाची. पाणी वाढलं की आपणच ऊस लावतो, बोअर घेतो, मोटर वाढवतो. मग बंधाऱ्याने मुरवलेलं पाणी मार्चमध्येच संपतं. त्याचा दोष बंधाऱ्याचा की आपला? आधीची नोंद नसेल तर हेही ठरत नाही.

नोंद नसली की प्रत्येकाला हवा तो निकाल काढता येतो. खात्याला फायदा दाखवता येतो, विरोधकाला घोटाळा दाखवता येतो. प्रामाणिकपणे काम केलेल्या कृषी सहायकाचं मात्र नुकसान होतं. चांगलं काम केल्याचा पुरावा त्याच्याकडेही राहत नाही, आणि चौकशी लागली की पहिली सही त्याचीच सापडते. म्हणून तपासणी ही खात्यातल्या चांगल्या माणसाची ढाल आहे असं मी मानतो.

सोसायटीतला नियम

उन्हाळ्यात शेतात काम नसतं तेव्हा मी मुलाकडे मीरा रोडला, नया नगरात असतो. तिथल्या इमारतीच्या सोसायटीचे कागद त्याच्याकडे येतात ते मी वाचतो. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा आहे. त्यात खजिनदाराने स्वतःचे हिशेब स्वतः तपासायचे नसतात. पॅनेलवरचा लेखापरीक्षक बाहेरून येतो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची, हिशेब सभासदांसमोर ठेवायचा. तिथं पाण्याची टाकी धुतल्याच्या बिलावरही चर्चा होते. खजिनदार चोर आहे असं कोणी समजत नाही. तो रोज दिसणारा, जिन्यात नमस्कार करणारा शेजारीच असतो. तरी नियम म्हणजे नियम.

थोड्याशा बिऱ्हाडांच्या पाण्याच्या टाकीला जो नियम लागतो, तो आपल्या अख्ख्या शिवाराच्या पाण्याला का नको?

दुसरीकडे काय करतात

हे काही स्वप्न नाही. आपल्याच देशात मनरेगाच्या २००५ च्या कायद्यात कलम १७ आलं. कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करायचं. २०११ च्या नियमांत तर असं लिहिलं गेलं की काम करणाऱ्या यंत्रणेने या अंकेक्षणात कुठेही ढवळाढवळ करायची नाही. अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली नाही, ते खरं. पण तत्त्व कायद्यात लिहिलं गेलं. जलयुक्तच्या ज्या कामांना मनरेगाचा पैसा लागला त्यांना हे लागू होतं. बाकीच्या पैशातून झालेल्या कामांना तसा कायद्याचा आधार नाही.

अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेतंच्या शेतं उडाली. तिथं १९३५ मध्ये मृदसंधारणाची सरकारी यंत्रणा झाली. दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की वरून एकट्या खात्याने हे होणार नाही. १९३७ पासून राज्याराज्यांत मृदसंधारण जिल्हे स्थापन होत गेले आणि त्यांच्या मंडळावर स्थानिक शेतकरी निवडून येऊ लागले. तांत्रिक माणूस खात्याचा, पण कुठलं काम आधी आणि ते कसं चाललंय हे बघायला शेतकरी बसलेला.

एवढं लांब जायचं नसेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पावसाळा संपला की ते पाऊस किती झाला आणि विहिरींत पाणी किती हे मोजतात, ग्रामसभेत ताळेबंद मांडतात आणि त्यावर रब्बीची पिकं ठरवतात. तिथं बंधाऱ्याची तपासणी वेगळी करायची गरजच उरत नाही. मोजणी दरवर्षी चालू असल्यामुळे कुठलं काम चालतंय आणि कुठलं नाही हे गावाला माहीत असतं.

आपण काय मागायचं

इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. १९४२ पासून नियम कधी कमी पडले नाहीत. हरकती ऐकायचा नियम होता, डागडुजीच्या नोंदीचा होता, ग्रामसभेच्या मान्यतेचा होता, त्रयस्थ मूल्यमापनाचा होता. कमी पडलं ते हे, की करणारा आणि मोजणारा एकच राहिला आणि मोजणी बिल निघेपर्यंतच झाली. बाहेरून तपासणी आली ती पाच-सहा वर्षांनी, तोवर नाल्यात गाळ बसलेला.

म्हणून ज्या गावात आता कामं होणार आहेत, तिथं ग्रामसभेत ठराव करून एवढं मागा:

१. काम सुरू व्हायच्या आधी नाल्याची लांबी, रुंदी, खोली गावातल्या चार माणसांसमोर मोजायची. आकडे फलकावर आणि ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला लिहायचे. खोदकामात दर ठरावीक अंतरावर मूळ जमिनीचा एक तुकडा साक्षीला सोडायचा.

२. मोजमाप पुस्तिकेची प्रत काम संपल्यावर ग्रामपंचायतीत ठेवायची. न मिळाल्यास माहिती अधिकारात मागायची. अर्जाला १० रुपये लागतात.

३. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर एकदा, अशी दोन वेळा शिवारफेरी. फुटलं, गळतंय, गाळ भरला, चांगलं आहे, एवढ्या चार शब्दांत प्रत्येक कामाची नोंद.

४. गावातल्या पाच विहिरी निवडून ऑक्टोबर आणि मार्च-मे मध्ये पातळी मोजायची. दोरीला दगड बांधून मोजली तरी चालते, फक्त विहीर तीच आणि महिना तोच पाहिजे. शाळेची मुलं हे काम हौसेने करतात.

५. डागडुजी कोणाची, हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्यायचं. विभागाचं नाव आणि किती वर्षं, दोन्ही.

६. दुसऱ्या विभागाच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या माणसाने तपासलेलं काम आणि त्याच विभागाने तपासलेलं काम, यात फरक करून वाचायचं.

यातलं काहीही कोणाच्या विरोधात नाही. चांगला अधिकारी असेल तर तो स्वतः म्हणेल की हे करा. कारण पुढे कधी चौकशी आली तर त्याच्या बाजूने बोलणारा कागद गावातच असेल.

पैसा सरकारचा असतो, बदली अधिकाऱ्याची होते, अहवाल मुंबईत राहतो. नाला मात्र आपल्याच शिवारात असतो आणि मार्च-एप्रिलला पाणी आपल्यालाच लागतं. म्हणून टेप आपल्या हातात पाहिजे.

तुमच्या गावात पहिल्या टप्प्यातल्या कामांची आज काय परिस्थिती आहे, ते खाली लिहा. फुटलेलं असेल तर लिहाच, पण चांगलं टिकलेलं असेल तर ते आवर्जून लिहा. जमीन हलकी, मध्यम की भारी, आणि काम कोणत्या वर्षीचं, एवढं सांगितलंत तर सगळ्यांच्या उपयोगी पडेल. कृषी सहायक मंडळी वाचत असतील तर त्यांनीही मोकळेपणाने लिहावं.

पुढच्या पोस्टमध्ये ढाळीचे बांध आणि गवताचे चर यांची आखणी कशी करायची ते लिहितो.